चंदू आणि मुरलीकांत

आमच्याकडे चंदू हे लाडाचे नाव आहे. घरात चंद्रकांत किंवा चंद्रशेखर जन्मला की बारशाचे पाहुणे उंबऱ्याबाहेर पडण्याच्या आत त्याचा चंदू झालेला असतो. आणि पुढे तो मामलेदार होवो की मारुतीचा पुजारी, आजीच्या लेखी तो चंदूच राहतो. क्रिकेटच्या मैदानावर तर चंदू बोर्डे यांनी या नावाला भारताच्या कसोटी संघात मानाची जागा मिळवून दिली. त्यामुळे 'चंदू' म्हणजे बावळट, ज्याच्या हातून काही व्हावयाचे नाही असा प्राणी, हा या शब्दाचा हिंदी मुलखातला अर्थ मला उतारवयात, तोही चित्रपटगृहाच्या अंधारात कळला. 'चंदू चॅम्पियन' हा कबीर खान दिग्दर्शित हिंदी चित्रपट १४ जून २०२४ रोजी लागला. त्यात सांगलीकडच्या एका पोराला सारा गाव 'चंदू' म्हणून हिणवतो. सांगली जिल्ह्यातल्या गावात हे कसे घडावे? पण मुंबईच्या चित्रपटसृष्टीला असल्या शंका येत नाहीत. असो. नावावरून मी भांडण काढणार नाही. भांडण्याजोगे दुसरे पुष्कळ आहे.

त्या वेळी आमच्या खामगावाकडे मृग लागून आठवडा झाला होता. सरकी आणि सोयाबीनची पोती घरात येऊन पडली होती, आणि पेरणीजोगा पाऊस आला नाही म्हणून लोक आभाळाकडे पाहत बसले होते. अशा रिकामपणी आमच्या गल्लीतल्या पोरांनी ठरवले की, हवालदारांना हा चित्रपट दाखवायचाच. हवालदार म्हणजे सैन्यात गाडी चालवणारे एक निवृत्त गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना हवालदारच म्हणतो. पंचवीसएक वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका वळणावर त्यांची लष्करी गाडी दरीत गेली आणि कणा मोडला. कमरेखाली काही उरले नाही. तेव्हापासून ते चाकांच्या खुर्चीत आहेत. जिल्ह्यातल्या एका चित्रपटगृहापाशी आम्ही पोचलो, तेव्हा दारापुढे पायऱ्या दिसल्या. त्या मोजायची मला कधी गरज पडली नव्हती. त्या दिवशी मोजल्या. अकरा होत्या. चार पोरांनी खुर्ची चारी बाजूंनी उचलली आणि चाकांच्या खुर्चीत बसूनच आयुष्याची बाजी जिंकणाऱ्या माणसाचा चित्रपट पाहावयास हवालदार असे पालखीतून गेले.

ज्याच्यावर हा चित्रपट बेतला त्या माणसाची हकीकत वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. मुरलीकांत राजाराम पेटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ चा, सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूर भागातला. लहानपणी तालमीचा नाद. मुलाखतींतून त्यांनी सांगितले आहे की, गावातल्या एका बड्या घरच्या मुलाला कुस्तीत चीत केले, त्यावरून मारामारीपर्यंत पाळी आली, आणि कोवळ्या वयातच त्यांना गाव सोडावे लागले. पुढे ते सैन्यात शिरले. पलटण होती ईएमई, म्हणजे रणगाडे, तोफा आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्यांची. या दलात साध्या शिपायाला 'क्राफ्ट्समन' म्हणतात, कारागीर. तेथे कुस्तीची मुष्टियुद्ध झाली. १९६४ साली टोकियोला सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्यांनी पदक मिळवले. दुसऱ्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध पेटले. अंगात नऊ गोळ्या शिरल्या असे सर्वत्र सांगितले जाते. त्यांतली एक कण्यापाशी कायमची राहिली. पाय गेले. मग मुंबईच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात दीर्घ मुक्काम, तेथून पोहणे, १९६८ साली तेल अवीवला टेबल टेनिस, आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक उच्चांक आणि सुवर्णपदक. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. अभिनव बिंद्रा यांनी ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवले ते २००८ साली, म्हणजे त्यानंतर ३६ वर्षांनी.

एवढी सामग्री हाती असल्यावर दिग्दर्शकाने काय केले? त्याने तिला एक सरळ दोरी बांधली. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले, तेव्हा त्यांचे जंगी स्वागत झाले. चित्रपटातला लहान मुरली ते पाहतो आणि आपणही पदक आणायचे, तेही सोन्याचे, असा पण करतो. येथून पुढे सगळे काही त्या पणाच्या सेवेला जुंपलेले आहे. गाव हसते ते पणाला, सैन्यात जायचे ते पणासाठी, गोळ्या लागतात त्या पणाच्या आड, आणि जर्मनीत घंटा वाजते ती पण पुरा झाल्याची. मुले खूश होतात. माझ्या शेजारी बसलेली गल्लीतली पोरेही झाली, आणि खोटे कशाला बोलू, टाळ्यांत माझाही हात होता. विजय राज यांनी रंगवलेला वस्ताद टायगर अली हा तर नुसता उभा राहिला तरी पडदा भरतो. कार्तिक आर्यन या नटाने घेतलेले कष्टही डोळ्यांना दिसतात. त्यांची जाहिरात थोडी कमी झाली असती तर ते अधिक दिसले असते.

परंतु घरी येऊन पाणी पिता पिता मनात आले की, या सरळ दोरीने मूळ आयुष्याचा गळाच आवळला आहे. पेटकरांच्या आयुष्यात मला जे विलक्षण वाटते ते पणाच्या अगदी उलट आहे. हा माणूस ज्या आखाड्यात उतरायला मिळाले त्या आखाड्यात उतरला. गावात होता तोवर कुस्ती. सैन्यात मुष्टियुद्ध होते, म्हणून मुष्टियुद्ध. खुर्चीत बसल्यावर टेबल टेनिस. पाण्यात हात चालतात हे कळल्यावर पोहणे. हायडेलबर्गला तर तो भालाफेकीतही उतरला होता. एकेक दार बंद होत गेले आणि हा शेजारच्या दाराशी जाऊन उभा राहिला. लहानपणी पाहिलेल्या स्वप्नाचा येथे काय संबंध? ज्या शर्यतीत त्याने जग जिंकले, त्या शर्यतीचे नावसुद्धा पेठच्या तालमीत त्या काळी कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

कोणी म्हणेल, चित्रपटाला सूत्र लागतेच. लागते खरे. पण सूत्र कसे असावे याचा दाखला हिंदीतच आहे. तिग्मांशू धुलिया यांचा 'पानसिंग तोमर' २०१२ साली आला. तोही खेळाडू शिपायाचाच, आणि तोही नायकाच्याच जबानीतून उलगडत जाणारा. तेथे पानसिंग धावायला लागतो तो कसला ध्यास घेऊन नव्हे, तर खेळाडूंना जेवणावर बंधन नसते म्हणून! साहेबाच्या घरी आइस्क्रीम वितळण्याच्या आत पोचवायचे म्हणून तो धावतो, तो प्रसंग ज्याने पाहिला तो विसरणार नाही. सैन्य माणसाला खेळाडू कसे बनवते, याचे मर्म त्यात आहे. शिधा मिळतो, सरावाला वेळ मिळतो, वरचा अधिकारी पाठीशी असतो, आणि एक दिवस हे सारे काढूनही घेतले जाते. सैन्याच्या या घरगुती बाजूचे 'चंदू चॅम्पियन'ला अप्रूप नाही. त्याला गणवेशाचे अप्रूप आहे.

युद्धाचा प्रसंग मात्र जोरकस आहे. काश्मिरातल्या खोऱ्यात तो सलग एकाच दमात, कॅमेरा न थांबवता चित्रित केल्याचा गवगवा झाला होता, आणि तो पाहताना छाती धडधडते हे मान्य केले पाहिजे. तरीही पेटकरांनी आपल्या जखमेविषयी जे सांगितले आहे ते मला त्याहून भयंकर वाटते. शिटी वाजली. पुष्कळ जवानांना वाटले, चहाची शिटी. ते बाहेर पडले. ती हवाई हल्ल्याची होती. एवढेच. चहाचा टमरेल हातात घेऊन निघालेल्या माणसाचे सारे आयुष्य त्या शिटीवर फिरले. या एका तपशिलासमोर पडद्यावरची सगळी दारू फिकी पडते.

आणि त्यानंतरचे? येथे हवालदारांचे मत नोंदवतो, कारण ते माझ्यापेक्षा अधिकारी. मध्यंतरात पोरे भजी आणायला गेली तेव्हा ते काही बोलले नव्हते. चित्रपट संपल्यावर, गर्दी ओसरेपर्यंत आम्ही दोघे बसून राहिलो, तेव्हा म्हणाले, "मास्तर, लढाई झकास दाखवली हो. पन दवाखाना लवकर उरकला."

मी म्हटले, "लोक तिकीट काढून दवाखाना बघायला येतात होय?"

"लढाई किती वेळ चालते?" ते म्हणाले. "दवाखाना लय वर्सं चालते."

या दोन वाक्यांत चित्रपटाचे जे परीक्षण झाले आहे ते मला इतक्या पानांत जमलेले नाही. दवाखाना म्हणजे काय हे प्रेक्षकांना ठाऊक नसते. कण्याच्या जखमेचा माणूस जखमेने मरत नसे. तो पाठीला पडणाऱ्या व्रणांनी आणि लघवीच्या विषाराने मरत असे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अशा शिपायांना वैद्यक जवळजवळ सोडूनच देत असे. हिटलरच्या जर्मनीतून १९३९ साली इंग्लंडात पळून आलेल्या लुडविग गुटमान या ज्यू डॉक्टराने हे मानले नाही. १९४४ साली, म्हणजे आपले पेटकर जन्मले त्याच वर्षी, स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात त्याच्या हाती अशा रुग्णांचा विभाग आला. त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे दर दोन तासांनी, रात्री-बेरात्री, प्रत्येक रुग्णाची कूस पालटायला लावली. दुसरी, त्यांना काहीतरी खेळावयास दिले. २९ जुलै १९४८ रोजी लंडनला ऑलिंपिक सुरू झाले, त्याच दिवशी या डॉक्टराने रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा जखमी माजी सैनिकांचे, पुरुषांचे आणि स्त्रियांचे, तिरंदाजीचे सामने भरवले. पॅरालिंपिकची गंगोत्री ती. कूस पालटणे आणि बाण सोडणे, हे त्या डॉक्टराच्या लेखी एकाच उपचाराचे दोन भाग होते.

पाणीही त्याच उपचारातले. पाण्यात शरीराचे ओझे उतरते. जमिनीवर ज्या पायांना ओढून न्यावे लागते ते पाय पाण्यात निदान मागे मागे तरंगत येतात. आणि मुष्टियोद्ध्याचे खांदे तर जात नाहीत; ते आता पाणी कापतात. टोकियोतला ठोसा हायडेलबर्गमधला हात कसा झाला, हे या माणसाच्या आयुष्यातले खरे नाट्य आहे, आणि ते घडले रुग्णालयात. चित्रपटात राजपाल यादव या विनोदी नटाचा टोपाझ नावाचा सेवक येतो, हसवतो, नायकाला उभारी देतो. प्रसंग गोड आहे. परंतु उभारी म्हणजे कोणीतरी दोन चटकदार वाक्ये बोलण्याने येणारी वस्तू, असा भ्रम त्यातून होतो. हवालदारांना खडकीच्या अपंग सैनिकांच्या केंद्रातला आपला मुक्काम आठवला. ते केंद्र १९७४ साली निघाले; पेटकर जखमी झाले तेव्हा तेही नव्हते. हवालदारांच्या सांगण्यात उभारी हा शब्द एकदाही आला नाही. आले ते सारे असे: पलंगावरून खुर्चीत स्वतः सरकायला किती महिने लागले, पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पायमोजा चढवला तेव्हा घाम कसा फुटला, आणि शेजारच्या खाटेवरचा मद्रासी जवान त्या दिवशी कसा पोट धरून हसला.

बारशापासून दोरी बांधून आणलेल्या पणाचा मला राग येतो तो यासाठी. ज्याने पण केला तो जखमेतून उठतो, असा त्याचा गर्भितार्थ होतो. मग ज्याने पण केलाच नव्हता, ज्याला गोळी लागली नाही, नुसती गाडी दरीत गेली, तो? आमचे हवालदार स्वतःच्या अपघाताविषयी बोलताना अजूनही ओशाळतात. "गोळी नव्हती," असे अगोदरच सांगून टाकतात, जणू त्यांच्या कण्याचा दर्जा त्यामुळे उतरला.

दर्जाचा विषय निघालाच आहे तर हायडेलबर्गविषयी लिहिले पाहिजे. १९७२ चे ऑलिंपिक म्युनिकला होते. ते २६ ऑगस्टला सुरू झाले. अपंगांचे सामने त्याआधी, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, दुसऱ्याच गावी, हायडेलबर्गला झाले. म्युनिकचे क्रीडाग्राम त्यांना मिळू शकले नाही. ज्या देशातून गुटमान डॉक्टरांना पळावे लागले त्याच देशात त्यांचे हे मानसपुत्र पोहले, पळाले, भाले फेकले. थोरल्या सामन्यांना नगारे, धाकट्यांना मागचे अंगण. भारतातून तेथे जाण्याचा खर्च उचलण्यासाठीसुद्धा माजी कसोटीपटू विजय मर्चंट यांच्यासारख्या सहृदय माणसाच्या संस्थेला पुढे व्हावे लागले. परत आल्यावर पेटकरांनी पुण्यात टेल्को कारखान्यात नोकरी केली आणि संसार केला. सुवर्णपदकाचा मानकरी रोज सकाळी कारखान्यात कामावर जात होता, हे चित्र मला पडद्यावर पाहावयास आवडले असते. तेथे नायकाला कोणी ओळखत नव्हते. कदाचित म्हणूनच चित्रपटाला त्याची गरज वाटली नाही.

चित्रपटाची चौकट मात्र याच उपेक्षेची आहे, आणि ती कल्पना चांगली. म्हातारे मुरलीकांत पोलीस ठाण्यात जातात आणि म्हणतात, मला अर्जुन पुरस्कार दिला नाही म्हणून राष्ट्रपतींवर फिर्याद करायची आहे. फौजदाराच्या भूमिकेत आपले श्रेयस तळपदे आहेत. प्रथम चेष्टा, मग कुतूहल, मग आदर, असा तो चेहरा पालटत जातो. शेवट गोड होतो तो २०१८ च्या पद्मश्रीने. पण अर्जुनाचे काय, हा फिर्यादीतला मूळ मुद्दा पद्मश्रीच्या टाळ्यांत दिग्दर्शकाने हळूच मिटवून टाकला, असे मला पहिल्या पाहण्यात वाटले होते. त्याचे उत्तर पडद्याबाहेर मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये २०२४ चे क्रीडा पुरस्कार जाहीर झाले, त्यात जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार पेटकरांना होता, आणि १७ जानेवारीला तो राष्ट्रपतींच्या हस्ते दिला गेला. हायडेलबर्गपासून ५२ वर्षे उलटली होती, स्वतः पेटकर ऐंशीचे झाले होते. चित्रपट लागून सात महिने झाले होते. चित्रपटाने हे घडवले असे मी म्हणणार नाही, पण त्याचा हातभार लागलाच नसेल असे तरी कोणी म्हणावे? तसे असेल तर मी वर मांडलेल्या तक्रारींपैकी निम्म्या मागे घ्यायला मी आनंदाने तयार आहे. उरलेल्या निम्म्या राहू द्या.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला शिपायांचे कौतुक कोणी शिकवायला नको. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामाला जे जवान गेले त्यांत दोघे आमचे होते, मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांगऱ्याचे नितीन राठोड. त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत अशी घरे जिल्ह्यात किती होती ते आम्हाला ठाऊक आहे. गेलेल्यांसाठी आम्हाला रडता येते, फलक लावता येतात, चौकाला नाव देता येते. परत आलेल्याचे काय करावे, हे मात्र आमच्या ध्यानात येत नाही. सण आला की त्याला शाल देतो आणि व्यासपीठावर चढवायला चार माणसे शोधतो. 'चंदू चॅम्पियन' सहकुटुंब पाहण्याजोगा आहे. दिवाळीच्या सुटीत मुलांना जरूर दाखवावा, आणि तो पाहून झाल्यावर मुले मुरलीकांत पेटकरांविषयी विचारू लागली तर कार्तिक आर्यनचे छायाचित्र बाजूला ठेवून त्यांना कूस पालटणाऱ्या त्या डॉक्टराची गोष्टही सांगावी.

त्या दिवशी चित्रपटगृह रिकामे झाले, झाडूवाला रांगांतून फिरू लागला, तरी आमची पोरे खालून आली नव्हती. पडद्यावर शेवटच्या नामावळीनंतरचा काळोख होता. हवालदार त्याच्याकडे पाहत होते.

"मास्तर," ते म्हणाले, "त्यायनं पदक घेतलं ते दाखवलं, ते बरंच झालं. पन त्यायले रोज सकायी पान्यापर्यंत नेत कोन होतं?"

मी काही म्हणण्याच्या आत जिन्यावर पावले वाजली. पोरे आली, कोणी मागची बाजू धरायची यावरून त्यांची थोडी हुज्जत झाली, आणि हवालदारांनी सवयीने दोन्ही हात मांडीवर घेतले.